'विल हॅव' कधी, आणि 'टिल' का नाही?

प्रश्न : मी अकाउंट्समध्ये काम करते. परवा साहेबांना मेल टाकला, 'आय विल हॅव कम्प्लीट द रिपोर्ट टिल फ्रायडे', तर दोन शब्द लाल करून परत आला. शाळेत पूर्ण भविष्यकाळ पाठ केलेला, पण तो वापरायचा कधी? नुसतं 'विल' चालत नाही का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, नुसतं 'विल' चालतं, 'आय विल कम्प्लीट द रिपोर्ट बाय फ्रायडे' अगदी बरोबर आहे, म्हणजे शुक्रवारपर्यंत करते. 'आय विल हॅव कम्प्लीटेड' म्हणजे शुक्रवार उजाडेल तेव्हा काम हातावेगळं झालेलं असेल. आपलं 'झालेलं असेल, गेलेली असेल' तेच हे. हॅवनंतर क्रियापदाचं तिसरं रूप घ्यायचं, ते तुमचं राहिलं, आणि कर्ता शी असो की ही, विलनंतर हॅज कधीच येत नाही.

आता 'टिल'. हा सगळा घोळ आपल्या 'पर्यंत'चा आहे. 'सहापर्यंत ये' आणि 'सहापर्यंत थांब', आपल्याला दोन्हीकडे पर्यंतच लागतं, पण इंग्लिशमध्ये यायचं ते बाय सिक्स आणि थांबायचं ते टिल सिक्स. रिपोर्ट एकदाच पूर्ण होणार, म्हणून बाय. तोपर्यंत तुम्ही ऑफिसात बसून राहणार असाल तर मात्र टिल.

अजून एक चूक मला जवळपास प्रत्येकाच्या वहीत दिसते. 'तू स्टेशनवर पोचशील तेव्हा लोकल गेलेली असेल', यात आपण दोनदा भविष्यकाळ घालतो म्हणून इंग्लिशमध्येही 'बाय द टाइम यू विल रीच' लिहितो, ते चुकतं. 'बाय द टाइम यू रीच द स्टेशन, द लोकल विल हॅव लेफ्ट' असं हवं. मनात 'पोचशील तेव्हा'च्या ऐवजी 'पोचेपर्यंत' म्हणा, त्यात काळच नाही, मग विल आपोआप गळतं.

आणि मला फार आवडणारी गोष्ट सांगते, 'बाबा आता पोचले असतील' यात भविष्य काहीच नाही, नुसता अंदाज आहे, तरी आपण 'असतील' म्हणतो ना? इंग्लिशमध्येही तस्संच, 'बाबा विल हॅव रीच्ड बाय नाऊ'.

तुमच्या मेलला साधं विल आणि बाय पुरेसं आहे. मंगळवारी ऑडिटर येणार असतील आणि ते येईपर्यंत रिपोर्ट तयार असेल असं साहेबांना सांगायचं असेल तर लिहा, 'बाय द टाइम द ऑडिटर्स कम, आय विल हॅव कम्प्लीटेड द रिपोर्ट.'