गोळ्या सोडण्याची अट त्या कागदावर येऊ देऊ नका

दादा, तुमच्या पोस्टमध्ये तीन गोष्टी आहेत. ताई मारहाणीला कंटाळून माहेरी आल्या आहेत. त्यांना रोज झोपेची गोळी लागते आणि अधूनमधून दारूही. आणि समुपदेशनाला बोलावलेल्या कार्यालयात एक समजुतीचा कागद तयार आहे : ‘पत्नी पंधरा दिवसांत गोळ्या सोडेल, पती हात उचलणार नाही, पत्नी नांदायला जाईल.’ गोळ्या एवढ्या दिवसांत बंद होतील का, हा तुमचा प्रश्न. आमच्या घरात जवळजवळ याच शब्दांचा कागद आला होता, म्हणून सविस्तर लिहिते. मी वकील नाही, डॉक्टरही नाही. गोळीच्या बाबतीत शेवटचा शब्द मनोविकारतज्ज्ञाचा. १८१ (महिला हेल्पलाइन), ११२ (तातडीची मदत) हे क्रमांक तुम्हाला माहीत असतीलच.

आधी कागदाचं. सही करू देऊ नका. त्या एका ओळीने मारहाण आणि गोळी यांचा सौदा होतो. उद्या गोळी सुटली नाही की त्याच कागदावर बोट ठेवून म्हणतात, अट हिनेच मोडली. पुढे मुलांच्या ताब्याचा प्रश्न आला की ‘पत्नी व्यसनी असल्याचे तिने स्वतः लिहून दिले आहे’ म्हणून हाच कागद कोर्टात लावला जातो. ज्या कार्यालयाने आमच्याकडे तो पुढे केला, तिथल्या बाईंनी फाईल बंद झाल्याचा शेरा मारला आणि पुढच्या तक्रारीला ‘तुमचं तर मिटलंय’ हे उत्तर दिलं. एवढं नुकसान सासरच्यांनीही केलं नव्हतं. बाई परत मार खायला गेली तरी यांच्या रजिस्टरात ‘यशस्वी समेट’! याचा राग अजून जात नाही.

कौटुंबिक हिंसाचार कायदा २००५ चा, त्याचे नियम २००६ चे. नियम १४ मुद्दाम वाचा. समुपदेशनात हिंसेचं समर्थन करायला नवऱ्याला मुभाच नाही आणि हे त्याला सुरुवातीलाच सांगायचं असतं. म्हणजे ‘ती गोळ्या खाते म्हणून हात उठला’ हे वाक्य तिथे चालत नाही. पुन्हा हिंसा करणार नाही ही हमी त्याने द्यायची, तिने नाही. समझोत्याचा प्रयत्नसुद्धा बाईची इच्छा असेल तरच. हा नियम कोर्टाने पाठवलेल्या समुपदेशनाचा आहे, पण इतर कार्यालयांनी त्याहून खालच्या पातळीवर वागावं असं कुठेच लिहिलेलं नाही. नियमाची छापील प्रत घेऊन जा. तिथे आवाज चढवू नका, नुसती पुढे ठेवा.

सही आधीच झाली असेल तर घाबरू नका. तो कोर्टाचा हुकूम नव्हे, त्यामुळे याच कायद्यातला कलम १२ चा अर्ज, म्हणजे कोर्टाकडे संरक्षण मागण्याचा, बंद होत नाही. सही दबावाखाली झाली असं पत्र त्याच कार्यालयाला आणि संरक्षण अधिकाऱ्याला (या कायद्याखाली बाईला मदत करायला नेमलेला अधिकारी) द्या, आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं कुणाला आठवत नाही.

आता गोळी. पंधरा दिवसांची अट वैद्यकीय दृष्ट्याही घातक आहे. अल्प्राझोलामसारखी गोळी महिनोन् महिने रोज घेतलेली असेल तर ती एकदम बंद करायची नसते. या गोळीचा असर लवकर उतरतो, त्यामुळे एक-दोन दिवसांतच घाम, थरथर, धडधड, झोप पूर्ण उडणं सुरू होतं आणि काहींना फिट येते. डोस किती हळू उतरवायचा ते डॉक्टर ठरवतात; बऱ्याचदा दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, आणि शेवटचा टप्पा आणखी सावकाश. काही जण आधी जास्त वेळ असर राहणाऱ्या गोळीवर आणतात आणि मग कमी करतात. म्हणजे कामच महिन्यांचं आहे. ताई दारू रोज घेत असतील तर तीही घरच्या घरी बंद करू नका. सहा-आठ तासांत थरथर सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसाच्या आसपास भ्रम होऊन माणूस हाताबाहेर जातो. हे दवाखान्यातच करायचं. तिथे बी-१ जीवनसत्त्वाचं इंजेक्शन ग्लुकोजच्या सलाईनच्या आधी देतात. गोळी आणि दारू एकत्र घेतली तर श्वास मंदावतो, हे ताईंना न ओरडता सांगा.

खरी मेख इथे आहे. बायका अट पाळायची म्हणून गोळी एकदम टाकतात, त्रास उफाळतो, नवराच दवाखान्यात नेतो आणि केसपेपरवर ‘माहिती देणारा : पती’ असं लिहिलं जातं. त्याने सांगितलं तेवढंच पानावर : चिडचिड, संशय, वस्तू फेकते. मारहाणीचा एक शब्द नाही. वर्षभराने तेच पान पुरावा म्हणून समोर येतं. म्हणून ताईंनी डॉक्टरला एकटीने भेटायचं आणि स्वतःच्या तोंडून सांगितलेलं लिहून घ्यायचं : ‘नवऱ्याने अमुक तारखेला डोक्यावर मारले असे रुग्ण सांगते.’ ‘घरात पडली’ असं लिहिलं असेल तर तिथेच दुरुस्त करायला सांगा. गळा दाबला असेल तर तो शब्द स्पष्ट उच्चारा. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके असतील तर काही दिवस उलटले असले तरी तपासणी करा. चक्कर आणि विसरभोळेपणा सगळा गोळ्यांचाच असं धरून चालू नका, डोक्याला मार लागला असेल तर त्याचाही असू शकतो. रात्री दचकून उठणं हा मारहाणीचा आघात असू शकतो, झोपेच्या गोळीने तो बरा होत नाही, त्याला वेगळे औषध आणि थेरपी लागते.

याच आठवड्यात करायचं एक काम, फुकटचं आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताई साध्या कागदावर स्वतःच्या सहीने आपला प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयात त्यांच्या बाजूने उभा राहणारा माणूस, नेमू शकतात. तुम्हाला किंवा आईंना नेमा, तुमची लेखी संमतीही जोडा. कुणीच नेमलेलं नसेल तर नातेवाइकाचा नंबर लागतो आणि कागदोपत्री नवराही नातेवाईकच. दारू-गोळ्यांशी निगडित मानसिक त्रास या कायद्यात येतात. मानसिक आजार आहे एवढ्यावरून कुणी ‘अस्थिर बुद्धीची’ ठरत नाही, त्याला कोर्टाचा निर्णय लागतो. केसपेपरच्या प्रती मागण्याचा हक्क कलम २५ मध्ये आहे.

‘उचलून नेतो, तीन महिने ठेवतो’ म्हणणाऱ्या व्यसनमुक्ती केंद्रांपासून लांब राहा. बायकांसाठी वेगळा विभाग असलेलीच जागा बघा. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राचा बायकांसाठीचा निशिगंध विभाग आहे. मुंबईत मारहाण सोसणाऱ्या बायकांसाठी महापालिकेच्या रुग्णालयांतली दिलासा केंद्रं आहेत, पहिलं वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात सुरू झालं. तिथे ‘तू का सहन केलंस’ असं विचारत नाहीत.

कौटुंबिक हिंसाचार कायद्याची वाट थोडक्यात : संरक्षण अधिकाऱ्याकडून डीआयआर, म्हणजे घरातल्या हिंसेचा अहवाल, भरून घ्या. अर्ज माहेरच्या हद्दीतल्या कोर्टातही करता येतो, ती तिथे तात्पुरती राहत असली तरी. कलम २३ खाली अंतरिम आदेश मागा. कलम २० मध्ये उपचाराचा खर्च मागता येतो, त्यात व्यसनमुक्तीची बिलंही जोडा. पावत्या टाकून देऊ नका. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा (१५१००). तिथे बाईला उत्पन्नाची अट नाही. पोलिसांनी नुसती एनसी (अदखलपात्र तक्रारीची नोंद) घेतली तर तिचीही प्रत ठेवा.

माझं स्पष्ट मत, पटलं तर घ्या : तक्रार आणि उपचार दोन्ही आत्ताच सुरू करा. ‘आधी बरी हो, मग बघू’ हे वाक्य घरात कुणी म्हणू नये. मिश्री वगैरे असेल तर तिच्या मागे आत्ता लागू नका. मरणाचे विचार येतात का, हे सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाहीत. सगळी पाकिटं ताईंजवळ ठेवू नका. दोन-तीन दिवसांच्या गोळ्या द्या, बाकीच्या आईंकडे, पण ताईंना सांगून. लपवल्या तर सासरचीच पद्धत झाली. रात्री-अपरात्री बोलायला टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन १४४१६ आहे, मराठीतही बोलतात.

आणि ताईंचा फोन बघा. गुगल खातं नवऱ्याच्या फोनवरही चालू असेल तर दवाखान्याची तारीख, नकाशावरचं ठिकाण, फोटो सगळं तिकडे दिसतं. आधी वकिलाला दाखवायच्या मेसेजचे स्क्रीनशॉट तुमच्याकडे घ्या, मगच पासवर्ड बदला. उलट क्रमाने केलंत तर तो सावध होतो आणि जुने मेसेज पुसून टाकतो.