बोट मुरगावला, हातात दिवस एकच

प्रश्न : दिवाळीनंतर आम्ही पाच जण मुंबईहून क्रूझने गोव्याला जाणार आहोत. बोट सकाळी आठला मुरगाव बंदराला लागते, संध्याकाळी सहाला सुटते. मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी आठ. दोघांना प्राणी बघायचेत आणि काहीतरी थरारकही करायचंय. यजमानांनी दूधसागर मनात धरलाय. सासूबाईंना मंगेशीचं दर्शन हवं, पण त्यांचे गुडघे दुखतात. बोटीवरून नेतात त्या सहली महाग वाटतात. एका दिवसात सगळं कसं बसवावं?
– एक वाचक भगिनी, डोंबिवली

उत्तर : ताई, सगळं बसणार नाही. आधी दूधसागर काढा.

यजमान रागावतील, म्हणून हिशेब देते. आठला लागलेल्या बोटीतून आठला कोणी उतरत नाही. रांग, ओळखपत्रं, फाटकापर्यंतची बस, यातच नऊ होतात. सुटायच्या निदान तासभर आधी परत चढावं लागतं, म्हणजे पाचला. हातात आले आठ तास, त्यातला एक रस्त्याच्या नावाने सोडून द्या. मुरगावहून कुळे, दूधसागरच्या वाटेवरचं गाव, साठेक किलोमीटर. तिथून पुढे आपली गाडी जात नाही, जंगलखात्याच्या हद्दीतून ओहोळ ओलांडत जाणारी जीपच घ्यावी लागते. दिवाळीच्या सुट्टीत त्या जीपची रांग म्हणजे सत्यनारायणाच्या पंगतीची रांग, पुढची उठेपर्यंत आपण उभे. जीप उतरल्यावर दगडांतून चालायचं, ते सासूबाईंना जमणार नाही. आणि परतीला तेवढाच वेळ. 310 मीटरवरून पडणारा धबधबा घड्याळाकडे बघत बघण्यात काय मजा? यजमानांना म्हणावं, पुढल्या ऑक्टोबरात रेल्वेने या, कुळ्याला उतरा, माझ्याकडे वेंगुर्ल्याला दोन दिवस राहा.

महागाईबद्दल. बोटीने आखलेली सहल उशिरा परतली तर बोट तिची वाट बघते. तुम्ही बाहेरून ठरवलेल्या गाडीची बघत नाही. जादा पैसे तुम्ही त्या खात्रीचे देता. माझा भाचा वास्कोला टॅक्सी चालवतो. तो म्हणतो, ‘‘मावशे, बोट कोणासाठी थांबणा नाय, मागे धावून काय उपयोग?’’ म्हणून बाहेरची गाडी घ्यायची तर एक रीत पाळा: लांबचं आधी, बंदराजवळचं शेवटी. उशीर झालाच तर जवळचं गाळता येतं.

लांबचं म्हणजे कुंभारजुव्याची खाडी. मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडणारं हे पाणी, दोन्ही काठांना खारफुटी, आणि त्यात मगरी. पिंजऱ्यातल्या नाहीत, आपल्या घरी राहणाऱ्या. होडीतून संथपणे फिरवतात. सासूबाई बसून राहिल्या तरी त्यांना मुलांइतकंच दिसतं, हे मला सगळ्यात पटतं. नाहीतर अशा सहलीत आजी पिशव्या सांभाळत किनाऱ्यावर, हे चित्र मी फार बघितलंय. पक्षीही दिसतील: खंड्या, बगळे, घारी. मुलांना दुर्बीण द्या, फोन काढून घ्या.

आता मगर दिसेल की नाही ते ओहोटीवर. पाणी उतरलं की चिखलाचा काठ उघडा पडतो आणि ती उन्हाला येऊन पडते. भरतीला तोच चिखल पाण्याखाली. तुम्ही तारीख कळवली नाहीत, म्हणून आमच्याकडची जुनी रीत सांगते. तिथीचा पाऊणपट काढायचा, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती, आणि तिथून सहा तासांनी ओहोटी. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे तीनला भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. षष्ठीला साडेचार आणि साडेदहा. खाडीत आत पाणी थोडं मागून हलतं, ते धरा. तुमची तारीख तृतीया ते षष्ठीत पडली तर उत्तम. पौर्णिमा-अमावास्येला मात्र सव्वाअकराच्या सुमारास ऐन उधाणाची भरती असते. त्या दिवशी मंगेशी सकाळी करा आणि होडी दुपारी, काठ उघडा पडायला लागल्यावर. अष्टमीच्या आसपास ओहोटीची वेळ सोयीची, पण भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी सौम्य, पाणी फारसं उतरत नाही. पंचांग तुमच्या सासूबाईंकडे असेलच. हे काम त्यांना द्या.

त्यांना आणखी एक सांगा. त्याच भागात, फोंडा तालुक्यातल्या दुर्भाट गावात, पौष अमावास्येला चिखलाची मगर घडवून तिची पूजा करतात, ‘मांगे थापणी’ म्हणतात तिला. खाजन शेतीचे, म्हणजे खाडीचं खारं पाणी अडवून केलेल्या शेतीचे, बांध राखायचे तर पाण्यातल्या शेजारणीशी गोडीत राहायला हवं.

मंगेशी तिथून अगदी जवळ. बाणस्तारीचा पूल ओलांडला की प्रियोळ आलंच. देव मूळचा कुठ्ठाळीचा, पोर्तुगीजांच्या जाचामुळे 1560 साली भक्तांनी तो इकडे हलवला. तुमची गाडी जाताना कुठ्ठाळीवरूनच जाईल, तेव्हा मुलांना दाखवा. दर्शन, मग जवळच कुठेतरी जेवण. त्या पट्ट्यात मसाल्याच्या बागा आहेत, जेवण चांगलं मिळतं. मिरीचा वेल, जायफळ, वेलदोडा झाडावर बघायला मिळेल. कुठे हत्तीवर बसवतो म्हणाले तर नको म्हणा. आठ वर्षांच्या मुलीला कारण विचारायचा हक्क आहे, आणि कारण साधं आहे: दिवसभर माणसं वाहणं ही त्याची हौस नाही. सकाळी मोकळी मगर बघितलेल्या मुलीला ते लगेच कळेल.

जेवून दोनच्या आत निघा. परतीला बोगमाळोचा किनारा, दाबोळी विमानतळाच्या खालचा, बंदरापासून जवळ. थरार तिथे करायचा. साडेतीनला पोहोचलात तर तासभर मिळेल, त्यानंतर पोहोचलात तर नुसते पाय भिजवा आणि चला. पॅरासेलिंग मुलाला हरकत नाही, पण दुपारनंतर समुद्रावरून वारा चढतो. लाल बावटा असेल किंवा दोरी धरणारा माणूसच ‘बघू या’ म्हणत असेल, तर बघूसुद्धा नका. धाकटीला कयाक पुरे. लाइफ जॅकेटच्या सगळ्या पट्ट्या लावून झाल्या की खांद्याला धरून तिला जरा वर उचला. जॅकेट कानांपर्यंत आलं तर ते सैल आहे, दुसरं मागा. मोठ्या माणसाचं जॅकेट लहान मुलाला ‘चालतं’ असं जो म्हणेल त्याच्याकडे पैसे देऊ नका.

डॉल्फिनचं तुम्ही विचारलं नाहीत, पण बंदराबाहेर पडलात की दहा जण विचारतील. आमच्या किनाऱ्याला हे गादे उथळ पाण्यात, किनारा धरूनच फिरतात, सकाळी दिसतात. ‘दिसले नाहीत तर पैसे परत’ असं सांगणारी होडी टाळा. पैसे परत द्यायला लागू नयेत म्हणून तांडेल इंजिन फुल सोडून त्यांच्या मागे लागतो, पिल्लं असली तरी. तुमच्याकडे वेळही नाही. बोट मुरगावहून सुटताना डेकवर उभे राहा. दिसले तर फुकट.

प्रश्न : मालवणला स्कूबा करून त्याच संध्याकाळी मोपाहून विमानाने परतायचा बेत आहे. चालेल ना?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : नाही. पाण्याखाली दाबाच्या हवेत श्वास घेतल्यावर शरीरात नायट्रोजन मुरतो, तो हळूहळू निघायला हवा. एकच उथळ डाइव्ह केली तरी निदान 12 तास, आणि जास्त केल्या तर 18 तास विमान नको. पहिल्या दिवशी स्कूबा, दुसऱ्या दिवशी सिंधुदुर्ग किल्ला, मग विमान. किंवा रात्रीची कोकण रेल्वे धरा. मध्ये मोठा घाट नको. उंचीवर हवेचा दाब कमी होतो, तो नियम रस्त्यालाही लागतो.

प्रश्न : नातवाला कासवाची पिल्लं समुद्रात जाताना दाखवायचीत. तो चार वर्षांचा आहे. कुठे आणि कधी?
– आजोबा, कोल्हापूर

उत्तर : वेळास आणि आंजर्ले ही रत्नागिरीतली, पण तुम्हाला कोल्हापूरहून आमचं वेंगुर्ल्याजवळचं वायंगणी जवळ पडेल. मार्चमध्ये या. ऑलिव्ह रिडले मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, पिल्लं बाहेर यायला 45 ते 55 दिवस लागतात. नेमका दिवस कोणी सांगू शकत नाही, म्हणून निघायच्या आदल्या दिवशी गावात फोन करून ‘टोपलीखाली काही हालचाल?’ एवढं विचारा (घरट्यांवर टोपल्या झाकलेल्या असतात). सोडतात सकाळी लवकर आणि संध्याकाळी, ऊन नसताना. फ्लॅश नको, हात लावणं नको. नातू दोरीच्या अलीकडे पंधरा मिनिटं बसेल का, याची घरी तालीम घ्या. नसेल बसणार तर पुढच्या वर्षी आणा, कासवं येतीलच.

प्रश्न : जुलैत तारकर्लीला जलक्रीडा स्वस्त असतात का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : बंद असतात. 26 मे ते 31 ऑगस्ट. जुलैत या, पण मासे सुके खावे लागतील, मासेमारीही तेव्हा बंदच असते.