मौन प्रार्थना सुरू करताय? आधी दहा मिनिटं

पहिल्याच आठवड्यात तासभर आराधनेला बसू नका. दहा मिनिटं पुरेत, पण रोज आणि ठरलेल्या वेळी. जेवल्यावर लगेच नको, डुलकी लागते. मोबाईल सायलेंट करून खिशात ठेवला तरी हात तिकडेच जातो; तो दुसऱ्या खोलीत राहू द्या.

क्रूसाची खूण करा आणि बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानातला 10:46-52 (अध्याय 10, ओवी 46 ते 52) हा उतारा सावकाश दोनदा वाचा. आंधळा बार्तिमय हाका मारतोय, लोक त्याला दटावतायत, आणि येशू थांबून विचारतो, तुला काय हवंय? तिथेच थांबा. पुस्तक मिटा. उत्तर द्या, मग गप्प बसा. शेवटी एकदा ‘आमच्या बापा’, म्हणजे येशूनं शिकवलेली प्रार्थना.

मन भरकटणारच: गॅसवरचं दूध, ऑफिसचा मेल. त्याच्याशी भांडत बसलात तर दहा मिनिटं भांडणातच जातात. हळूच ‘येशू’ म्हणा, परत या. वीसदा गेलं तर वीसदा. काहीच ‘जाणवलं’ नाही म्हणून वेळ कमी करू नका. नवखे बहुधा इथेच सोडून देतात.

मिस्सामधली, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेतली, शांतता मात्र आपण सर्रास वाया घालवतो. ‘आपण प्रार्थना करू या’ म्हणून धर्मगुरू क्षणभर थांबतात, ती जागा तुमच्या मनातल्या मागणीसाठीच असते. ख्रिस्तप्रसाद (मिस्सात मिळणारी पवित्र भाकर) घेतल्यानंतरची शांतता मनातल्या मनात देवाची स्तुती आणि प्रार्थना करण्यासाठी. पार्किंगमधली गाडी तेवढा वेळ कुठे जात नाही.