ग्रां प्री मोटार शर्यतींच्या इतिहासातला सर्वात अविस्मरणीय क्षण कोणता?
माझं मत १९५७ च्या जर्मन ग्रां प्रीला. ट्रॅक नुर्बुर्गरिंग: जवळपास २३ किलोमीटरची एक फेरी, डोंगरातली वळणं, अशा २२ फेऱ्या. अर्जेंटिनाचा हुआन मॅन्युएल फँजिओ मासेराटीत, वय ४६. समोर फेरारीतले दोन तरुण इंग्रज, हॉथॉर्न आणि कॉलिन्स.

फेरारीवाल्यांचा बेत न थांबता शर्यत संपवायचा. फँजिओनं टाकी अर्धीच भरली. गाडी हलकी ठेवून आघाडी घ्यायची आणि मध्येच थांबून इंधन, टायर घ्यायचे. आघाडी जेमतेम अर्ध्या मिनिटाची झाली, पण पिटमध्ये (गाडी थांबवून इंधन-टायर घेण्याची जागा) इतका वेळ गेला की बाहेर पडला तेव्हा तो दोघांच्याही बराच मागे, पाऊण मिनिटाहून जास्त. बेत फसला, असंच कुणीही म्हटलं असतं.

मग या माणसानं फेरीमागून फेरी विक्रम मोडत नेले. सर्वात जलद फेरी ९ मिनिटं १७.४ सेकंदांची, म्हणजे त्याच्याच पोल पोझिशनच्या (शर्यतीआधी पहिली जागा मिळवून देणाऱ्या सर्वात जलद फेरीच्या) वेळेपेक्षा ८ सेकंदांनी कमी! एकविसाव्या फेरीत त्यानं दोघांनाही मागे टाकलं आणि साडेतीन सेकंदांच्या फरकानं जिंकला. पाचवं विश्वविजेतेपदही तिथेच पक्कं झालं. असं पुन्हा कधी चालवलं नाही, चालवायचंही नाही, असं तो नंतर सांगायचा.

२००८ ला ब्राझीलमध्ये हॅमिल्टननं शेवटच्या फेरीत, अगदी शेवटाकडच्या वळणांवर ग्लॉक या चालकाला मागे टाकून एका गुणानं विजेतेपद मिळवलं, तेही थरारक होतंच. पण त्यात ओल्या ट्रॅकवर कोरड्या ट्रॅकसाठीचे टायर घातलेल्या ग्लॉकच्या अडचणीचा वाटा मोठा. फँजिओला अशी मदत नव्हती.