डबल बेल

"मॅडम, हृदय मधेच बंद पडतं. मोजलंय मी." काकांनी खिशातून वहीचं पान काढलं. तारीख, वेळ, आणि पुढे फुल्याच फुल्या. निवृत्त एसटी कंडक्टर, हिशेब चोख! एका रात्री ऑक्सिमीटरवर नाडी ३८ दिसली, तेव्हापासून काकांना झोप नाही. काकूंनाही नाही.

डॉक्टरांनी "काळजीचं कारण नाही" असं सांगून त्यांना माझ्याकडे धाडलं होतं. या वाक्यानं कुणाची काळजी गेलेली मी अजून पाहिली नाही.

सिस्टरांचा स्टेथोस्कोप मागून आणला, काकांच्याच कानात घातला, बोटं त्यांच्याच मनगटावर ठेवली. बराच वेळ लब-डब, लब-डब. मग घाईचा एक ठोका, क्षणभर शांतता, मग दणका.

"ऐकू आला, पण बोटाला लागला नाही!"

तोच तो. तो ठोका चुकत नाही, लवकर पडतो. खालचा कप्पा पुरता भरायच्या आतच आवळला जातो, वरच्या कप्प्याची शेवटची धारही मिळालेली नसते. मग बाहेर रक्त जातं थोडंच, आणि त्याची लाट मनगटापर्यंत पोचत नाही. ऑक्सिमीटर लाटाच मोजतो. एकाआड एक ठोका असा पडला, की ७६ चे ३८! नंतरच्या विरामात कप्पा जास्त भरतो, म्हणून पुढचा ठोका जोरात. छातीत धस्स होतं ते बहुतेकदा त्याचंच.

काका म्हणाले, "म्हणजे पॅसेंजर चढायच्या आधीच डबल बेल. ती गाडी रिकामी, मागची खचाखच."

ही उपमा मी तेव्हापासून सर्रास वापरते.

"पण सारख्या अशाच गाड्या सुटल्या तर?"

प्रश्न रास्त होता. असे ठोके एकूण ठोक्यांच्या १० टक्क्यांपुढे गेले आणि महिनोन्‌महिने तसेच राहिले, तर काहींच्या हृदयाचं पंपिंग कमी होऊ शकतं. मग औषध, नाहीतर ॲब्लेशन, म्हणजे नळी आत घालून असे ठोके सोडणारी हृदयातली जागा निकामी करणं. काकांच्या २४ तासांच्या होल्टरमध्ये, म्हणजे अंगावर लावून प्रत्येक ठोका नोंदणाऱ्या यंत्रात, ९८ हजार ठोक्यांत १,९०० निघाले होते, जेमतेम २ टक्के. इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफीही चांगली. शुद्ध हरपली, चालताना धाप लागली, छातीत दुखलं, तर मात्र वाट न बघता लगेच डॉक्टरांकडे जायचं, हे मी त्या फुल्यांच्या पानामागेच लिहून दिलं. घरात कुणी तरुणपणी अचानक गेलं होतं का, तेही विचारून घेतलं. नव्हतं.

ऑक्सिमीटर काकूंनी पर्समध्ये टाकला. महिन्यानं आल्या तेव्हा तक्रार वेगळीच होती: "मोजत नाहीत आता. पण रात्री दहाचा चहा काही सुटत नाही हो."