मुंबईत जन्मलेली जुन्या हॉलिवूडची नायिका कोण?
मर्ल ओबेरॉन. जन्म १९११, मुंबई. अँग्लो-इंडियन घरातली ही मुलगी कोलकात्यात वाढली, मग इंग्लंडला गेली. तिथे निर्माता अलेक्झांडर कोर्डाने तिला पुढे आणलं (नंतर दोघांचं लग्नही झालं). 'द डार्क एंजल'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं, पण लक्षात राहिली ती १९३९च्या 'वुदरिंग हाइट्स'मधली कॅथी.

आपण टास्मानियात जन्मलो असं ती जगाला सांगत राहिली. भारतीय रक्त असल्याचं कळलं असतं, तर त्या काळी असल्या भूमिका मिळणं कठीणच होतं. मला तरी तिला दोष देववत नाही. १९३७च्या मोटार अपघातात चेहऱ्यावर व्रण राहिले. ते झाकायला तिचा पुढचा नवरा, छायालेखक ल्युसियन बॅलार्डने कॅमेऱ्याला जोडायचा खास दिवा बनवला. त्याला आजही 'ओबी' म्हणतात. १९७९ साली ती गेली, आणि मुंबईची गोष्ट त्यानंतर बाहेर आली.