क्लॅरिफायरवर गाळ का तरंगतो?

प्रश्न : आमच्या गावाच्या सांडपाणी प्रकल्पात दुपारनंतर क्लॅरिफायरवर (गाळ तळाशी बसवून पाणी वेगळे करणारी टाकी) गाळाचे तपकिरी गोळे तरंगतात, काही पाण्याबरोबर बाहेरही जातात. ऑपरेटर म्हणतो, गाळ बिघडलाय, ब्लोअर (हवा सोडणारे यंत्र) वाढवा. ३० मिनिटांच्या चाचणीत एक लिटरला ३०० मिली गाळ बसतो, एमएलएसएस (एरेशन टाकीतल्या पाण्यात मिसळलेला गाळ) लिटरला ४,५०० मिलिग्रॅम आहे. एरेशन टाकी, म्हणजे हवा सोडायची टाकी, ५०० घनमीटरची. क्लॅरिफायरच्या तळाचा गाळ एरेशनला परत नेणाऱ्या लाइनमधून रोज १० घनमीटर गाळ काढतो. त्यात लिटरला ९ ग्रॅम घन पदार्थ असतात.

उत्तर : ब्लोअर वाढवू नका. ३०० ला १,००० ने गुणून ४,५०० ने भागले की गाळाचा निर्देशांक ६७ येतो. १५० च्या वर गेला असता तर तंतुमय जिवाणूंचा संशय घेतला असता. तुमचा गाळ उत्तम बसतो. तो बसल्यावर पुन्हा वर येतो, हे दुखणे वेगळे.

खात्री करायला तोच सिलिंडर न हलवता आणखी दोन तास ठेवा. तळाच्या थरात बारीक बुडबुडे दिसू लागतील आणि मग गाळाचा अख्खा गठ्ठा बुचासारखा वर येईल. एरेशनमध्ये अमोनियाचे नायट्रेट होते. क्लॅरिफायरच्या तळाशी गाळ फार वेळ पडून राहिला की तिथला ऑक्सिजन संपतो, जिवाणू नायट्रेट वापरतात आणि नायट्रोजन वायू सुटतो. पाणी कोमट असले की हे लवकर घडते. तरंगत्या गोळ्यांवर पाइपने पाण्याचा फवारा मारला की बुडबुडे फुटून ते खाली बसतात. वेळ मारून न्यायला हे ठीक.

खरा उपाय दोन ठिकाणी आहे. आधी परतीचा पंप तपासा: चिंध्यांनी चोंदलाय का, स्क्रेपरचे (तळाचा गाळ ओढणारे यंत्र) पाते तुटून एका बाजूला गाळ साचतोय का. तळाचा थर अर्ध्या मीटरच्या आत राहील इतका परतीचा वेग ठेवा. मग गाळाचे वय, म्हणजे टाकीतला गाळ भागिले रोज काढलेला गाळ, बघा. टाकीत २,२५० किलो गाळ, रोज काढता ९० किलो, म्हणजे वय २५ दिवस. फारच म्हातारा. १५ दिवसांवर आणायला रोज १५० किलो, म्हणजे साधारण १७ घनमीटर काढावे लागतील. पण एका झटक्यात नको. दिवसाला १० टक्क्यांहून जास्त वाढ करू नका आणि फरक दिसायला दोन-तीन आठवडे द्या. एमएलएसएस उतरेल तसा काढायचा गाळही पुन्हा मोजून ठरवावा लागेल. विरघळलेला ऑक्सिजन एरेशन टाकीच्या शेवटच्या टोकाला लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास पुरतो. ४-५ ठेवणे म्हणजे निव्वळ विजेचे बिल.

प्रश्न : क्लोरीनचा डोस दुप्पट केला, तरी बाहेर जाणाऱ्या पाण्यात अवशेष (उरलेला) क्लोरीन सापडत नाही. गळती नाही.

उत्तर : नायट्राइट (अमोनिया आणि नायट्रेट यांच्यामधला टप्पा) तपासा, साधी पट्टीही चालेल. नायट्राइटमधला १ मिलिग्रॅम नायट्रोजन सुमारे ५ मिलिग्रॅम क्लोरीन खाऊन टाकतो. अमोनियाचे रूपांतर अर्ध्यावर अडकले की हे होते; बहुतेक वेळा हवा कमी पडल्याने किंवा गाळ घाईने काढल्याने. (वरच्या उत्तरात झटका नको म्हटले, त्याचे हेही एक कारण.) नायट्राइट नसेल तर तरंगत्या कणांकडे आणि डोस पाण्यात नीट मिसळतो का याकडे बघा. संपर्काला ३० मिनिटे मिळायलाच हवीत.

प्रश्न : सेप्टिक टँक उपसणारे टँकर थेट इनलेटमध्ये ओतू द्यावेत का?

उत्तर : नाही. तुमचा प्रकल्प दिवसाला १० लाख लिटरचा आणि येणाऱ्या पाण्याचा बीओडी (घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला २०० मिलिग्रॅम धरला, तर रोजचा भार २०० किलो. ५,००० बीओडीचा ४,००० लिटरचा एक टँकर २० किलो आणतो, दिवसाच्या भाराचा दहावा भाग दहा मिनिटांत! वेगळी टाकी ठेवा, तोंडाशी जाळी लावा आणि रात्री आवक कमी असताना हळूहळू सोडा. रॉकेल-डिझेलचा वास येणारा टँकर दारातूनच परत पाठवा.